गव्हर्नमेंट हाऊस ते विद्यापीठाची मुख्य इमारत: गणेशखिंडीतल्या एका दाराची गोष्ट

खिंडीतला वाटसरू

पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा इतिहास सहसा एका वाक्यात उरकला जातो: आधी गव्हर्नरचा बंगला होता, मग विद्यापीठ आले. वाक्य खरे आहे, पण ते ऐकताना असे वाटते की कुलूप बदलले आणि एक भाडेकरू जाऊन दुसरा आला. त्या आवारात मी विद्यार्थी म्हणून काही वर्षे काढली. तेव्हापासून या वास्तूविषयी एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला आहे. तिच्या पोर्चपर्यंत कुणाची गाडी जात असे, मागच्या दाराने कोण येत असे आणि कुणाला तिथे पाऊल टाकण्याचे कारणच नव्हते? इमारतीचा उपयोग बदलला म्हणजे मुळात हेच बदलले, असे माझे मत आहे. त्या अंगाने चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर वर्षभर मुंबईत राहत नसे. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे आणि थंडीत मुंबई असा त्याचा आणि त्याच्याबरोबर सगळ्या सरकारचा फेरा असे. पुण्यातला मुक्काम आधी दापोडीच्या घरात होई. ते घर नदीकाठी होते आणि तिथे सरकारी वनस्पतिबागही होती. पुढे दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुणे हा प्रवास सोपा झाला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला न भूतो असा भाव आला. तेव्हाचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (कारकीर्द १८६२ ते १८६७) हा मोठे बेत आखणारा माणूस होता आणि हाताशी पैसाही होता. १८६४ मध्ये गणेशखिंडीत नव्या घराचे काम सुरू झाले.

आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुकाराचा होता. इटालियन गॉथिक वळणाचे लांबट घर, कमानींचे व्हरांडे, मधूनच वर गेलेला सडसडीत मनोरा आणि हे सगळे आपल्याच सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात! व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न येथील प्रासादावरून त्याची कल्पना घेतली होती, असे सांगितले जाते. मनोऱ्याकडे पाहिले की ते पटतेही. पण घर उभे राहत असतानाच, १८६५ मध्ये, अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईचा शेअरबाजार बुडाला. ज्या भरभराटीच्या जोरावर घर बांधायला काढले होते तीच नाहीशी झाली आणि खर्च मात्र वाढत राहिला. फ्रिअरच्या या उधळपट्टीवर ब्रिटिश पार्लमेंटमध्येही टीका झाली. काम पूर्ण व्हायला १८७१ साल उजाडले. फ्रिअरची कारकीर्द चार वर्षे आधीच संपली होती, त्यामुळे पूर्ण झालेल्या या घरात गव्हर्नर म्हणून राहण्याचे भाग्य त्याच्या वाट्याला आले नाही.

जागेचा इतिहासही लक्षात घ्यायला हवा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या वेळी बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली पेशव्यांची फौज याच खिंडीच्या परिसरात जमली होती. त्या पराभवाला पन्नास वर्षे व्हायच्या आत तिथेच विजेत्यांच्या प्रतिनिधीचे घर बांधायला घेतले गेले. जागा निवडताना हे मनात होते की केवळ उंची, वारा आणि छावणीची जवळीक पाहिली, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एवढे मात्र खरे की पुण्याच्या माणसाला त्या घराकडे पाहताना लढाईचे मैदान विसरणे शक्य नव्हते.

मग २२ जून १८९७ ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव या घरात साजरा होत होता. मेजवानी, रोषणाई, आतषबाजी सगळे होते. शहर मात्र प्लेगने आणि प्लेगच्या नावाखाली चाललेल्या घरझडत्यांनी पोळलेले होते. समारंभ आटोपल्यावर पाहुण्यांच्या बग्ग्या एकामागून एक फाटकातून बाहेर पडू लागल्या आणि गणेशखिंडीच्या रस्त्याने अंधारातून शहराकडे निघाल्या. त्या अंधारात चापेकर बंधू थांबले होते. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची आरोळी झाली आणि गोळ्या सुटल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, प्लेग अधिकारी रँड ३ जुलैला मरण पावला, आणि दामोदर चापेकरांना पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये फाशी झाली. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. ज्यांना त्या दारातून आत जाण्याची सोय नव्हती, त्यांनी दारातून बाहेर पडणाऱ्यांची वाट पाहिली. पुण्याच्या आठवणीत त्या घरापेक्षा त्या घराचा रस्ता अधिक ठळक राहिला, तो यामुळेच.

यानंतरची पन्नास वर्षे मी इथे सोडून देतो. पावसाळा आला की गव्हर्नर यावा आणि पावसाळा संपला की जावा, हा क्रम चालू राहिला.

पुण्यात स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही मागणी स्वातंत्र्याच्या आधीची. तिचा विचार करण्यासाठी १९४२ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९४८ मध्ये कायदा संमत झाला, १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि जयकरच पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीचे कार्यालय भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम अतिथिगृहात होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेतला, आणि गणेशखिंडीची वास्तू, तिच्याभोवतीच्या सुमारे ४११ एकर जमिनीसह, विद्यापीठाकडे आली. जून १९४९ पासून कारभार तिथून सुरू झाला.

त्या वेळी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये होती १८ आणि विद्यार्थी होते आठ हजारांच्या घरात. पावसाळ्यातले चार महिने एका कुटुंबासाठी उघडणारे घर आता बारा महिने एवढ्यांच्या कारभाराचे ठिकाण झाले. जिथे नाचाच्या मेजवान्या होत, त्या दालनाचे नाव आज संत ज्ञानेश्वर सभागृह आहे आणि तिथे विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) बैठका भरतात. या एका नावात केवढा पल्ला गाठला आहे!

आता माझा मूळ मुद्दा. पहिल्या काही दशकांत त्या दारातून सर्वाधिक माणसे गेली. आज पात्रता, परीक्षा, पदवी यांची कामे इतर इमारतींत आणि संगणकावर होतात, आणि मुख्य इमारत वारसा म्हणून जपली जाते. जतन झाले याचा आनंदच आहे. पण सामान्य विद्यार्थ्याला तिथे जाण्याचे कारण पुन्हा उरलेले नाही. हे आपल्याला चालणार आहे का?

दप्तरदार

धागा आवडला. मी आयुष्यभर कचेऱ्यांत काम केले, त्यांतली काही वर्षे अशाच एका जुन्या, राहण्यासाठी बांधलेल्या सरकारी वाड्यात. ती इमारत दुसरी, गावही दुसरे. पण घराची कचेरी होते म्हणजे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे.

घरातल्या खोल्या एकमेकींत उघडतात, कारण घरातली माणसे एकमेकांना परकी नसतात. कचेरीला असे चालत नाही. म्हणून पहिले काम होते ते मधली दारे बंद करण्याचे. दाराला फळी मारली जाते, फळीपुढे लाकडी कपाट येते आणि कपाटात आवक-जावकीची पुस्तके बसतात. दहा वर्षांनी तिथे दार होते हे नव्या कारकुनाला ठाऊकही नसते. दुसरी अडचण छताची. अठरा-वीस फुटांचे छत उन्हाळ्यात सुखाचे, पण त्याखाली चाळीस माणसे बोलू लागली की आवाज घुमतो, आणि पंखा लावायचा तर त्याची दांडी इतकी लांब लागते की तो झोके घेऊ लागतो. मग छताखाली प्लायवूडचे दुसरे छत येते. त्यावर वीज-तारांचे जंजाळ, त्याखाली पत्र्याचे घोडे (मांडण्या), घोड्यांवर लाल फडक्यातली दप्तरे. हे सारे करणारी माणसे वाईट नसतात. त्यांना उद्या सकाळी दहा वाजता टेबल मांडायचे असते, एवढेच.

आपण म्हणता की पहिल्या दशकांत दार सर्वांना उघडे होते. ते मान्य आहे. पण मोठ्या वापराची किंमत इमारतीनेच मोजलेली असते आणि तिचे बिल तीस-चाळीस वर्षांनी येते, हेही हिशेबात धरावे.

काळा पाषाण

दप्तरदार यांनी ज्या बिलाचा उल्लेख केला ते चुकते करणे हे माझे काम आहे. जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत मी बरीच वर्षे आहे. गणेशखिंडीच्या कामाशी माझा संबंध नाही, त्यामुळे तिच्याविषयी विशिष्ट असे काही बोलत नाही, पण या जातीच्या बांधकामाविषयी सांगू शकतो.

आपला काळा पाषाण अत्यंत घट्ट असतो. पाणी दगडातून आत येत नाही, ते दोन दगडांमधल्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून येते. जुन्या दर्जा चुन्याच्या असतात. चुना थोडे पाणी पितो आणि ऊन पडले की ते बाहेर टाकतो. भिंतीचा श्वास त्या दर्जांतून चालतो, असे आमचे जुने गवंडी म्हणत. विसाव्या शतकात सिमेंट आले, आणि ओल दिसली की दर्जा खरवडून त्यांत सिमेंट भरायची पद्धत पडली. दोन पावसाळे भिंत कोरडी दिसते. तिसऱ्या पावसाळ्यात वरून कुठूनतरी शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट शोधते, बाहेरची वाट सिमेंटने बंद केलेली असते, म्हणून ते आतल्या बाजूला गिलाव्यातून फुटते. खोलीत बसणाऱ्याला वाटते, आणखी सिमेंट हवे.

हे निस्तरायचे म्हणजे सिमेंट हलक्या हाताने छिन्नीने काढायचे, चुना निवळत ठेवायचा, चुन्याच्या घाणीत (चुना दळायच्या चाकात) वाळूबरोबर मळायचा आणि पुन्हा दर्जा भरायच्या. घाईने काढले तर दगडाच्या कडा उडतात. एका इमारतीत (नाव घेत नाही) आम्हाला एकाच खांबावर चार पिढ्यांच्या खुंट्या सापडल्या: झुंबराच्या दोरीची पितळी कडी, पंख्याच्या बटणाची लाकडी पट्टी, सूचनाफलकाचे खिळे आणि संगणकाच्या तारेचा प्लॅस्टिकचा चाप. तिथल्या साहेबांनी सगळे काढून खांब मूळ रूपात आणा, असे सांगितले. मी विचारले, मूळ म्हणजे नेमके कोणत्या सालचे? त्यावर उत्तर आले नाही. या धाग्यातला प्रश्नही मला तसाच वाटतो. १८७१ चे घर जपायचे की १९४९ चे विद्यापीठ? दोन्ही एकाच भिंतीत आहेत.

भटकभवानी

लहानपणापासून ऐकत आले आहे की मुख्य इमारतीखालून शनिवारवाड्यापर्यंत भुयार जाते. यात तथ्य आहे का?

खिंडीतला वाटसरू

शनिवारवाड्यापर्यंत नाही. इंग्रज गव्हर्नरने पेशव्यांच्या वाड्यापर्यंत भुयार कशासाठी खणावे, याचा विचार केला तरी पुरे. तिथे आहे तो जमिनीखालचा एक छोटा मार्ग, घराच्या सेवेसाठी केलेला. मुदपाकखाना घरापासून अलग ठेवायचा, म्हणजे धूर, वास आणि आगीची भीती दूर राहते, आणि ताटे घेऊन जाणारी माणसे पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून त्यांची वाट वेगळी ठेवायची, ही त्या काळच्या बड्या घरांची रीतच होती. दंतकथेपेक्षा ही खरी हकिगत मला अधिक बोलकी वाटते.

अबोली

मूळ लेखात एक उणीव जाणवली होती, ती वरच्या उत्तराने थोडीशी भरून निघाली. दार कुणासाठी उघडे होते, असे आपण विचारता, आणि तरीही आपल्या हकिगतीत गव्हर्नर, वास्तुकार, कुलगुरू आणि मुख्यमंत्रीच येतात. त्या घरात सर्वाधिक तास काढणारी माणसे खानसामे, हमाल, माळी, भिश्ती, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) हीच होती. ती रोज आत जात होती, पण त्यांची वाट जमिनीखालून होती. दार उघडे असणे आणि आत असणे या दोन गोष्टी एक नाहीत.

दुसरे असे की आपण १९४९ नंतरच्या काळाला ‘सर्वांसाठी खुले’ म्हणून गौरवता. त्या आठ हजारांत मुली किती होत्या आणि ज्यांच्या घरात शाळेची पायरी कुणी चढले नव्हते असे किती होते, हाही प्रश्न विचारायला हवा. दार आपोआप रुंद होत नाही, ते कुणीतरी ढकलावे लागते. म्हणूनच २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, ही मला इमारतीच्या इतिहासातलीही मोठी घटना वाटते. पुण्यातच मुलींना शिकवायला निघाल्यावर ज्यांच्या अंगावर शेण-माती फेकली गेली, त्या बाईंचे नाव आज या प्रासादाच्या संस्थेला आहे, आणि २०२२ पासून त्यांचा पुतळाही मुख्य इमारतीच्या आवारात उभा आहे. बांधकामात एक दगडही न हलवता वास्तूचा अर्थ बदलता येतो तो असा.

खिंडीतला वाटसरू

अबोली, आपली पहिली हरकत पूर्ण मान्य. मी बग्ग्यांकडे पाहत राहिलो आणि बग्गी हाकणाऱ्याकडे पाहायचे राहून गेले. दुसऱ्या हरकतीविषयी एवढेच म्हणेन की ‘सर्वाधिक’ म्हणालो, ‘सर्व’ म्हणालो नाही. तरीही शब्द जपून वापरायला हवा होता.

टेकडीवरचा

ही इमारत एकटी नाही, याकडे लक्ष वेधतो. डेक्कन कॉलेजची येरवड्याची इमारतही १८६४ मध्येच हाती घेतली गेली. ती जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाली आणि १८६८ मध्ये वापरात आली. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगमाजवळच्या इमारतीची कोनशिला फ्रिअरनेच १८६५ मध्ये बसवली. म्हणजे एकाच गव्हर्नरच्या काळात, एकाच प्रकारच्या दगडात पुण्यात तीन मोठ्या वास्तू उभ्या राहत होत्या. त्यांतल्या दोन पहिल्यापासून विद्यार्थ्यांसाठी होत्या आणि तिसरी ऐंशी वर्षांनी विद्यार्थ्यांकडे आली.

डेक्कन कॉलेजची गोष्ट या चर्चेत उपयोगी पडेल. जिथे टिळक शिकले ते हे कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात लढा दिला आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. मधली पाच वर्षे इमारत होती, पण कॉलेज नव्हते. नंतर तिथे पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र यांचे जे काम झाले त्याने त्या भिंतींना नवे आयुष्य दिले. टिळकांची खोलीही तिथे स्मारक म्हणून जपली आहे. एक खोली स्मारक आणि बाकीची वास्तू कामात, हा मेळ मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

जाता जाता पावसाळी मुक्कामाविषयी. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. तो बचावला. जुलै महिन्यात इलाख्याचा गव्हर्नर पुण्यात काय करत होता, असे आज वाचणाऱ्याला वाटू शकते. सरकारच पावसाळ्यात इथे असे, हे त्याचे उत्तर आहे. मूळ लेखात ‘पन्नास वर्षे सोडून देतो’ म्हटले आहे, पण ती काही सुनी वर्षे नव्हती.

परळकर

मुंबईतल्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसची गोष्ट इथे शेजारी ठेवावीशी वाटते. गव्हर्नर पूर्वी परळच्या बंगल्यात राहत. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी ते घर सोडून मलबार पॉइंटला मुक्काम हलवला. मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा याच परळच्या रिकाम्या प्रासादात आली. आजही हाफकिन संस्था तिथेच आहे.

पाहा, एकाच साथीचा दोन गव्हर्नमेंट हाऊसशी कसा संबंध आला. गणेशखिंडीच्या घरातून निघालेला प्लेग अधिकारी रस्त्यात मारला गेला आणि परळच्या घरात प्लेगची लस भरून कुप्या रवाना होऊ लागल्या. आणखी एक निरीक्षण. परळचे घर सोडले गेले ते रोगामुळे आणि गणेशखिंडीचे दिले गेले ते स्वातंत्र्यामुळे. पण दोन्हींचा नवा उपयोग विद्येचाच झाला. सिमल्याच्या व्हाइसरॉयच्या प्रासादाचेही १९६५ मध्ये उच्च अध्ययनाच्या संस्थेत रूपांतर झाले. इतके मोठे घर चालवण्याची ऐपत आणि त्याला शोभेल असे काम, दोन्ही एकत्र असणारा दुसरा भाडेकरू त्या काळात बहुधा मिळाला नसता.

आमराई

इमारतीबरोबर बागेचाही विचार व्हावा. दापोडीची वनस्पतिबाग गेल्यावर १८७३ मध्ये गणेशखिंडीची बाग उभी राहिली. ती विद्यापीठाकडे न जाता शेतीखात्याच्या आणि पुढे कृषी विद्यापीठाच्या हाती राहिली, म्हणून तिची जुनी झाडे टिकली. २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. झाडांच्या बाबतीत तरी उपयोग न बदलणे हाच फायदा ठरला.

दप्तरदार

परळकरांच्या ‘भाडेकरू’ या शब्दावरून एक गोष्ट सुचली. गणेशखिंडीतून गव्हर्नर खरेच गेला का? विद्यापीठाच्या लगतच राज्यपालांचे पुण्यातले निवासस्थान आहे. आणि कायद्याने राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती असतात. म्हणजे ज्या पदासाठी हे घर बांधले, तेच पद आज पदवीदानाच्या मिरवणुकीत झगा घालून त्याच आवारात प्रवेश करते. पूर्वी यजमान होते, आता म्हटले तर पाहुणे, म्हटले तर धनी.

टेकडीवरचा

फरक आहे आणि तो मोठा आहे. पूर्वीचा गव्हर्नर कुणाला आत घ्यायचे ते ठरवत असे. आजचा कुलपती आत येतो तो अधिसभा आणि कुलगुरूंच्या यजमानपदाखाली. खुर्चीवर कोण बसते हेही पाहा. १९६१ ते १९६४ या काळात महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार कुलगुरू होते. पेशवाईच्या कागदांत हयात घालवलेला भारत इतिहास संशोधक मंडळाचा माणूस, खडकीच्या मैदानाकडे पाहणाऱ्या गव्हर्नरच्या घरातून विद्यापीठ चालवतो, ही गोष्ट मला दप्तरदारांच्या कोटीपेक्षा जास्त गमतीची वाटते.

काळा पाषाण

मूळ प्रश्नाकडे वळू या. मला व्यवसायाच्या दृष्टीने विचाराल तर रिकामी खोली आणि गच्च भरलेली खोली, दोन्ही इमारतीला वाईट. रिकाम्या खोलीची खिडकी कुणी उघडत नाही, कबुतरे शिरतात, पन्हळीत पिंपळाचे रोप उगवते आणि ते दिसेपर्यंत त्याचे मूळ दर्जेत हातभर गेलेले असते. माणसांचा रोजचा, पण बेताचा वावर हाच सर्वांत स्वस्त रखवालदार. संग्रहालय केले तर तिकिटाच्या वेळेपुरती माणसे येतात आणि दोरीपलीकडून पाहून जातात. वाचनकक्ष केला तर माणूस चार तास बसतो, वर गळू लागले तर पहिल्या दिवशी ओरडतो.

अबोली

वाचनकक्षाच्या सूचनेला माझा पाठिंबा, पण एका अटीवर. तो मुख्य इमारतीतल्या एखाद्या दालनात असावा आणि त्यात विद्यापीठाचेच कागद असावेत: पहिल्या वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते, जुने नकाशे, संलग्न महाविद्यालयांच्या याद्या. कोल्हापूरचे विद्यापीठ १९६२ मध्ये वेगळे झाले, जळगावचे १९९० मध्ये. त्याआधी सातारा-सांगलीपासून खानदेशापर्यंतच्या मुलांच्या पदव्या या घरातून निघत होत्या. त्यांच्या नातवंडांनी येऊन आजीचे नाव गुणपत्रकांच्या नोंदवहीत शोधावे, यापेक्षा चांगले निमित्त कोणते? आणि भुयाराचा मार्ग दाखवायचा असेल तर तो दंतकथा सांगून दाखवू नये. इथून ताटे जात होती, असे पाटीवर स्पष्ट लिहावे.

खिंडीतला वाटसरू

ही सूचना माझ्या मूळ प्रश्नापेक्षा चांगली आहे. मी दार उघडे असावे म्हणत होतो, आपण आत जाण्याचे कारण दिलेत. काळा पाषाण यांच्या खांबाबद्दल मात्र माझे मत असे की एखाद्या कोपऱ्यात तरी त्या चारही पिढ्यांच्या खुंट्या तशाच ठेवाव्यात, पितळी कडीला झळाळी देऊ नये आणि प्लॅस्टिकचा चापही काढू नये.

भटकभवानी

भुयाराचा भ्रमनिरास झाला, पण ताटांची वाट पाहायला नक्की आवडेल. एक शंका राहिली. सगळे ‘मुख्य इमारत’ म्हणतात. हे नाव कुणी ठेवले?

दप्तरदार

कुणी ठेवले नसावे. भोवती दुसऱ्या इमारती झाल्या की पहिलीला असे काही म्हणावेच लागते. कचेरीत टपाल वाटणाऱ्या शिपायाला विचारा, तो सांगेल. जुने नाव पुसले गेले, विद्यापीठाचे नावही बदलले, समोरच्या चौकातला उड्डाणपूल आला आणि २०२० मध्ये पाडलाही गेला. पाकिटावर पत्ता मात्र आजही तोच लिहिला जातो: गणेशखिंड, पुणे ४११००७.